कुलूप न उघडता

सुट्ट्या लागल्या की शहरातली निम्मी माणसे बाहेरगावी जातात आणि उरलेली निम्मी आपल्याच दाराबाहेर अडकतात. कोणी किल्ली आत ठेवून दार ओढून घेतो. कोणाची किल्ली बॅगेच्या तळाशी जाते आणि ती बॅग आधीच्या गाडीने पुढे निघून गेलेली असते. कोणी विश्वासाने शेजाऱ्याकडे किल्ली ठेवतो आणि शेजारी किल्लीसकट सहलीला जातो. हसू नका वाचकहो, तुमच्या घरातही हे झालेले आहे. फक्त तुम्ही ते पाहुण्यांना सांगत नाही.

अशा दिवसांत मास्टरला धड जेवायची फुरसत मिळत नसे. मास्टर म्हणजे आमच्या भागातला किल्लीवाला. दोन दुकानांच्या बेचक्यात कपाटाएवढे त्याचे दुकान, त्यात किल्ल्या घासायचे यंत्र, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा आणि फोनपाशी त्याची बायको. मास्टर हाताचा हुशार, पण तोंडाला कुलूप. घरातल्या बोलण्याचा सगळा कारभार बायकोने सांभाळलेला होता आणि ती त्यात कसूर करत नसे.

दुकानावर एक पाटी होती: ‘ओळख पटल्याशिवाय कुलूप उघडले जाणार नाही.’ तिलाही कारण होते. मागच्या एका सुट्टीत मास्टरच्या ओळखीतल्या दुसऱ्या किल्लीवाल्याने एका चांगल्या कपड्यांतल्या जोडप्याला घर उघडून दिले. जोडप्याने शांतपणे सगळे सामान टेम्पोत भरले आणि त्याला धन्यवाद देऊन निघून गेले. घर त्यांचे नव्हतेच! तो बिचारा अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहे. तेव्हापासून मास्टरने ठरवले की कामाशी काम ठेवायचे. सावध राहायचे हा नियम चांगलाच होता, त्याबद्दल मी त्याला नावे ठेवणार नाही. पण सावधपणाच्या मागोमाग एक कोरडेपणाही त्याच्या अंगात शिरला होता. कोणाला दोन शब्द जास्त विचारायचे म्हटले की त्याच्या कपाळाला आठ्या पडत.

त्या दिवशी दुपार कलताना दोन फोन लागोपाठ आले. पहिला एका गृहस्थाचा. तो कपडे वाळत घालायला गॅलरीत गेला आणि मागे दाराची कडी आपोआप पडली. दुसरा एका इमारतीच्या रखवालदाराचा: तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा घराबाहेर अडकलेत, लवकर या. ही इमारत जवळ होती म्हणून मास्टर आधी तिकडे गेला.

रखवालदार बदलीवरचा निघाला. नेहमीचा माणूस सुट्टीवर गेला होता आणि हा कालच आला होता.

“आजोबा म्हणाले, घर माझं आहे,” तो सांगू लागला. “थंडीत कुडकुडत होते हो. मी वर नेऊन सोडलं. तुमचा नंबर फाटकावर लिहिलेला होता, तो लावला.”

तिसऱ्या मजल्यावर चार दारे होती आणि चारही बंद. त्यातल्या एकासमोर आजोबा उभे होते. इस्त्रीचा सदरा, वर उलटा घातलेला स्वेटर, गळ्यात फुलाफुलांचा बायकी मफलर, एका बुटाची नाडी सुटलेली. हातात एक जुनी किल्ली होती. पुसून पुसून ती अगदी लख्ख झाली होती.

“या, या! बरं झालं आलात,” आजोबा म्हणाले. “कुलूप बिघडलंय बघा. किल्ली अर्धीच आत जाते. आणि ही आत आहे. तिला दम्याचा त्रास आहे. केव्हाच्या हाका मारतोय, ओ देत नाही.”

मास्टरने किल्ली हातात घेतली, मग वाकून कुलूप पाहिले. किल्ली जुन्या घडणीची आणि कुलूप अलीकडचे. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून त्याने विचारले, “हे आडनाव तुमचं का?”

“छे! ही पाटी कोणी लावली कोण जाणे. सुट्टीत पोरं काहीही उद्योग करतात.”

“ओळखपत्र वगैरे?”

आजोबांनी पिशवीत हात घातला. बिस्किटांचा पुडा निघाला, पाण्याची बाटली निघाली, एक सफरचंद निघाले, कोणाचे तरी हातमोजे निघाले. ओळखपत्र काही निघेना.

“पाकीट आतच असणार,” आजोबा म्हणाले.

मास्टरला काही कळेना. माणूस खोटे बोलतोय असे डोळ्यांत दिसत नव्हते. पण त्या लुटणाऱ्या जोडप्याच्या डोळ्यांत तरी कुठे दिसले होते? आणि खरेच कोणी आत दम लागून पडले असेल तर? त्याने दाराला कान लावला. आतून आवाज आला. ठक! थोड्या वेळाने पुन्हा, ठक!

“ऐकलंत?” आजोबांनी मास्टरची बाही धरली. “काठी आपटतेय ती. बोलवत नाही तेव्हा काठी आपटते.”

मास्टरने पिशवीतून हत्यारे काढली, परत ठेवली, पुन्हा काढली. उघडावे तर परक्याचे घर. न उघडावे तर कदाचित एक जीव. शेजारची तिन्ही दारे त्याने वाजवून पाहिली, पण सगळे गावाला गेलेले. एवढ्यात खिशातला फोन खणखणला.

“मास्टर, मी गॅलरीत आहे! अंगात नुसतं बनियन आहे! कधी येताय?”

“येतो, येतो,” म्हणून त्याने फोन ठेवला. डोक्याचा पार भुगा झाला होता, आणि डोक्याचा भुगा झाला की माणूस आपल्या सवयीच्या आडोशाला जातो. मास्टरने हत्यारांची पिशवी बंद केली.

“आजोबा, मला हे दार उघडता येणार नाही. ओळख पटली पाहिजे. मी खाली सांगून जातो.”

आजोबा रागावले असते तर बरे झाले असते. पण त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “बरं. तुमचा उगाच वेळ गेला. मी बसतो इथंच. ती उघडेल.” आणि ते जिन्याच्या पायरीवर, भिंतीला टेकून बसले.

मास्टर खाली उतरला. का कोण जाणे, फाटकापाशी त्याचे पाय अडखळले. त्याने बायकोला फोन लावला. काम झाले नाही, आता गॅलरीवाल्याकडे जातो, एवढेच त्याला सांगायचे होते. बायकोने मात्र खोदून खोदून सगळे काढून घेतले.

“आणि आजोबा?” तिने विचारले.

“वरच आहेत.”

“एकटे?”

“मग काय, खांद्यावर घेऊन येऊ? अगं, कोण कुठला माणूस. एखाद्या टोळीचा असला तर?”

“टोळीनं म्हाताऱ्याला कामाला लावलं आणि स्वतः सहलीला गेली, होय ना?”

“थट्टा नको. दार उघडलं आणि लफडं निघालं तर मी काय करू?”

“दार उघडा म्हणतंय कोण? नाही उघडलंत ते बरोबरच केलंत. परक्याचं घर उघडायचा आपल्याला काय हक्क? पण अहो, दार उघडायचं नाही म्हणजे माणसाला जिन्यात टाकून यायचं, हे कुठं लिहिलंय? आत कोणी असेल तर पोलिसांना सांगायला हवं. आत कोणी नसेल तर या माणसाचं काहीतरी चुकलंय, म्हणून कोणालातरी सांगायला हवं. दोन्हीकडून थांबायला तर लागतंच ना! तुम्ही वर जा. मी पोलिसांना कळवून येते.”

मास्टर पुन्हा जिना चढू लागला. बायकोचे म्हणणे तो बहुतेक वेळा ऐकतच असे, पण आज पहिल्यांदाच त्याला आपल्या निघून येण्याची थोडी लाज वाटली.

बायको शटर ओढून, थर्मासमध्ये चहा घेऊन आली. आल्या आल्या ती वर चढली नाही. आधी इमारतीच्या मागच्या बाजूला गेली आणि मान वर करून उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराच्या खिडकीचे एक दार बाहेर लटकत होते. वारा आला की ते चौकटीवर आपटे. ठक! मग ती रखवालदाराकडे वळली.

“त्या घरातली माणसं कुठं आहेत, माहीत आहे?”

“गावाला गेली की! काल मीच त्यांच्या बॅगा टॅक्सीत ठेवल्या. नवरा, बायको, दोन मुलं. मला वाटलं, आजोबा मागे राहिलेत.”

मास्टर वरून जिन्याच्या खिडकीतून हे ऐकत होता. तो उसळून म्हणाला, “अरे, मग मघाशी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं कुठं?” रखवालदार म्हणाला, आणि यात त्याचे काही चुकलेही नव्हते.

म्हणजे आत कोणीच नव्हते. तरीही आजोबा खोटे बोलत नव्हते. मास्टरचा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

बायको आजोबांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली. थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिने त्यांच्या हातात दिला.

“आजोबा, मफलर छान आहे हो.”

“माझा नाही. बसस्थानकातल्या एका बाईंनी गळ्यात घातला. म्हणाल्या, थंडी बाधेल. फार भली माणसं आहेत या शहरात! एकानं उठून मला उन्हातली जागा दिली. एका ताईनं बिस्किटं दिली. एका मुलीनं टॅक्सी थांबवली, मी पत्ता सांगितला, तिनं टॅक्सीवाल्याला नीट समजावून सांगितला. आणि टॅक्सीवाल्यानं पैसेच घेतले नाहीत! म्हणाला, सुट्टीचे दिवस आहेत आजोबा, मजा करा.”

“वा! आणि तुम्ही निघालात कोणाबरोबर?”

इतका साधा प्रश्न. पण आजोबा थांबले. त्यांनी चहाचे झाकण पायरीवर ठेवले.

“मुलाबरोबर,” ते हळूच म्हणाले. “त्याच्याकडेच चाललो होतो आम्ही. गाडी बदलायची होती. तो म्हणाला, बाबा, या बाकावरून हलू नका, मी पाणी घेऊन येतो.”

“मग?”

“मग शेजारच्या बाईंनी विचारलं, आजोबा, कुठं जायचंय तुम्हाला? मी म्हटलं, घरी.”

मास्टर कठड्याला धरून उभा राहिला. काय हे! दिवसभरात या माणसाला एकही वाईट माणूस भेटला नव्हता. भेटलेला प्रत्येक जण चांगला होता. कोणी जागा दिली, कोणी ऊब दिली, कोणी खाऊ दिला, कोणी फुकट आणून सोडले. आणि त्या प्रत्येकाने या म्हाताऱ्याला त्याच्या मुलापासून आणखी थोडे लांब नेऊन ठेवले होते! चांगले काम केल्याच्या समाधानात प्रत्येक जण आपापल्या वाटेने निघून गेला होता. तो पत्ता बरोबर होता, फक्त तो फार जुना होता. आणि या सगळ्यांच्या रांगेत शेवटचा माणूस मास्टर. तो तर काही न देताच निघाला होता.

बायकोने लगेच पुन्हा पोलिसांना फोन केला आणि बसस्थानकाचे नाव काढताच पलीकडचा आवाज बदलला. स्थानकातल्या चौकीत एक माणूस दुपारपासून वेड्यासारखा फिरतो आहे, म्हणाले. त्यालाच पाठवतो, पण आजोबांना तिथून हलू देऊ नका.

“नाही हलू देत,” हे मास्टर म्हणाला. बायकोने वळून त्याच्याकडे पाहिले.

तेवढ्यात गॅलरीवाल्याचा फोन आलाच. मास्टरने एरवी दोन शब्दांत कटवले असते. आज त्याने सगळे सांगितले: एक आजोबा चुकलेत, मुलगा येईपर्यंत मला इथून निघता येत नाही, तुम्हाला उशीर होईल, रागावू नका. मग तो गृहस्थ म्हणाला, “अहो, मग आधी ते बघा. मी वाळत घातलेली चादर गुंडाळून बसतो. खालच्या मजल्यावरच्यांना हाक मारतो, त्यांच्याकडे शिडी असायची.” आणि पुढे खरोखरच तो शिडीवरून उतरला. आतापर्यंत त्याला कोणाला हाक मारायचे सुचले नव्हते एवढेच.

चहा संपला तसे आजोबा मास्टरच्या बायकोकडे टक लावून पाहू लागले. जिन्यात उजेड कमी होत चालला होता.

“अगं,” ते म्हणाले, “तूच आहेस होय? मग आत कोण आहे?”

मास्टरने घाबरून बायकोकडे पाहिले. खरे सांगावे तर म्हातारा कोसळेल. हो म्हणावे तर ती फसवणूक. पण बायको गोंधळली नाही. तिने त्यांचा सुरकुतलेला हात आपल्या हातात घेतला.

“आत कोणी नाही. कोणाला दम लागलेला नाही, कोणी काठी आपटत नाही. खिडकी वाऱ्यानं वाजतेय. मी इथंच आहे तुमच्यापाशी.”

यात एक अक्षर खोटे नव्हते. आजोबांनी मोठा श्वास सोडला. दुपारपासून धरून ठेवल्यासारखा होता तो श्वास. त्यांचे खांदे सैल झाले.

मग मास्टर गुडघ्यावर बसला आणि त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधू लागला. बांधता बांधता, न राहवून, त्याने विचारले, “आजोबा, किल्ली इतकी लख्ख कशी ठेवलीत?”

“खिशात असते ना. हात गेला की पुसतो,” आजोबा म्हणाले, आणि मग बोलतच राहिले. घर घेतले तेव्हा दोघांनी मिळून भिंती कशा रंगवल्या, रंग कसा कमी पडला आणि एक भिंत वेगळ्याच रंगाची कशी राहिली. दम लागला की ती खिडकीपाशी कशी बसायची. मास्टर ऐकत होता. आयुष्यभर तो लोकांच्या दारात उभा राहिला होता, पण दाराच्या आत कोणाचे काय होते हे त्याने कधी विचारले नव्हते.

मुलगा आला तो धापा टाकत जिना चढत. मुलगा कसला, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस. आणायला गेला होता ती पाण्याची बाटली अजून त्याच्या हातात होती, सील न फोडलेली. बापाला पाहिले आणि तो त्यांना बिलगून पायरीवर बसला.

“हे घर विकून खूप वर्षं झाली,” तो मास्टरला म्हणाला. “आई गेली त्याच वर्षी. बाबा हल्ली विसरतात. मी पाठ फिरवली तेवढ्यात... स्थानकात मी सगळ्यांना विचारत होतो. सगळे म्हणायचे, हो, पाहिलं आम्ही, काळजी करू नका, आम्ही त्यांना टॅक्सीत बसवून दिलंय! पण टॅक्सी गेली कुठं, ते एकालाही माहीत नव्हतं.” त्याने बापाचा हात घट्ट धरला. “तुम्ही थांबलात म्हणून. नाहीतर रात्री या थंडीत...”

मास्टर मान खाली घालून म्हणाला, “मी नाही हो. मी निघालो होतो. हिनं थांबवलं.”

“पण थांबलात ना,” बायको म्हणाली. “आता उठा, त्यांना खालपर्यंत पोचवू.”

खाली टॅक्सी उभी होती. मुलाने बापाला आत बसवले, स्वेटर सुलटा करून घातला. रस्त्यावरचे दिवे लागले होते. आजोबांनी काच खाली केली आणि मास्टरच्या बायकोकडे पाहिले. आता ती त्यांना परकीच वाटत असावी.

“तुम्ही दोघं कसे जाणार?” त्यांनी विचारले. “अंधार पडला. तुम्हाला न्यायला कोणी येणार आहे का?”

“जवळच आहे आमचं घर, दुकानाच्या मागे. जाऊ आम्ही,” मास्टर म्हणाला.

“जवळ आहे म्हणून काय झालं? माणूस जवळच चुकतो. बसा. आधी तुम्हाला सोडू.”

मास्टरने नाही म्हणायला तोंड उघडले. कोणाचे उपकार घ्यायचे नाहीत ही त्याची आणखी एक सवय. पण बायकोने टॅक्सीचे दार उघडले आणि ती बसलीही, मग तोही बसला. चालत गेले असते तर लवकर पोचले असते एवढेच अंतर होते. दुकानापाशी दोघे उतरले, नमस्कार झाले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

“थांब रे,” आजोबा म्हणाले.

“बाबा, आपली गाडी चुकेल,” मुलगा म्हणाला.

“चुकू दे. ते आत गेले का बघ आधी.”

मास्टरने घराचे दार उघडले. बायको आत गेली, तिने दिवा लावला. टॅक्सी तशीच उभी होती. मास्टरने उंबऱ्यावरून हात हलवला, आजोबांनी हलवला आणि मगच टॅक्सी निघाली. तोंडाला कुलूप असलेला तो माणूस दारात उभा राहून रडला.

वाचकहो, सुट्टीच्या दिवसांत आपली मने मोकळी होतात. आपण जागा देतो, ऊब देतो, हसून दोन शब्द बोलतो. हे सगळे जरूर करा, त्यात कंजूषपणा नको. पण देऊन झाले की लगेच पाठ फिरवू नका. तुमच्याबरोबर कोण आहे, असे एकदा विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. ज्याला आपले घर विकलेलेही आठवत नव्हते, त्या माणसाला एवढे आठवत होते. आपल्याला का आठवू नये?